पांढरी पावडर पडते पण पॉलिमर आत नसतोच: इन्क्लुजन कंपाऊंडचं नेहमीचं दुखणं

इन्क्लुजन कंपाऊंड म्हणजे होस्टच्या रेणूंनी रचलेल्या नळीत दुसरा रेणू, म्हणजे गेस्ट, कोंडलेला; इथे गेस्ट म्हणजे पॉलिमर. आधी लक्षणं सांगतो, तुमचं यातलं काही जुळत असेल तरच पुढे वाचा.

- होस्ट आणि पॉलिमरची सोल्युशन्स एकत्र केली, भरपूर पांढरा साका पडला, यील्ड बघून खुश झालात, आणि एक्सआरडीत (क्ष-किरणांनी क्रिस्टलची रचना बघायची तपासणी) नुसता होस्ट निघाला.
- किंवा एक्सआरडी अगदी हवा तसा आला पण एनएमआरमध्ये (कुठला रेणू किती आहे ते सांगणारी तपासणी) पॉलिमर नावापुरताच.
- डीएससीत (तापवताना किती उष्णता शोषली जाते ते मोजणारी तपासणी) पॉलिमरचा वितळण्याचा पीक ६० डिग्रीच्या आसपास जसाच्या तसा.
- युरियाच्या सुया काचेसारख्या स्वच्छ होत्या, धुवून ठेवल्या आणि सकाळी बघता तर दुधाळ.
- दोन दिवस झाले, फ्लास्कमध्ये काहीच नाही.
- मागच्या वेळी जमलं होतं, तीच रेसिपी, तेच हात, आणि आता जमत नाही. हे सगळ्यात वाईट.

मी युरिया आणि अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन (साखरेच्या युनिटांचं कडं, पुढे नुसतं सीडी म्हणतो) या दोन होस्टवर हेच दुखणं इतक्यांदा निस्तरलंय की आता कुणी "पावडर आली" म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाची?

कारण दोन्ही होस्टचा स्वभाव वेगळा आहे आणि तो कळला की अर्धं काम झालं. युरिया एकटा असला की टेट्रागोनल क्रिस्टल करतो, त्यात नळी वगैरे काही नसते. लांबट गेस्ट मिळाला की युरियाचे रेणू हायड्रोजन बाँडने एकमेकांना धरून त्याच्याभोवती मळसूत्रासारखे रचले जातात आणि हेक्सागोनल जाळी तयार होते, साधारण साडेपाच अँगस्ट्रॉम रुंदीच्या समांतर नळ्यांची. गेस्ट काढला की ही जाळी उभी राहत नाही, कोसळते आणि परत टेट्रागोनल होते. म्हणजे हेक्सागोनल दिसलं की आत कुणीतरी आहे हे नक्की. कोण आहे ते मात्र युरिया सांगत नाही. सीडीचं उलटं. तिचं कडं जन्मतःच पोकळ, ती कडी एकमेकांच्या तोंडाशी आडवी-तिरपी बसली तर पिंजरा रचना होते आणि एकावर एक चळत लागली तर चॅनल रचना, आणि ही चळत आत नुसतं पाणी असलं तरी लागू शकते. म्हणून सीडीचा चॅनल पॅटर्न बघून पॉलिमर आत गेला असं धरून चालणं म्हणजे दाराला कुलूप आहे म्हणून घरात माणूस आहे असं समजणं.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी, महागड्या शेवटी. कृपया उड्या मारू नका, मी मारल्यात आणि एक्सआरडीचे स्लॉट वाया घालवलेत.

हिशोब परत करा

काही खर्च नाही, कागद-पेन पुरे. पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकोल) आणि अल्फा-सीडीच्या भरलेल्या कॉम्प्लेक्समध्ये एका कड्यात पीईजीची दोन युनिटं बसतात. मॉलिक्युलर वेट धरलं तर एक युनिट ४४, म्हणजे दोन युनिटं ८८, आणि कडं ९७३. म्हणजे १०० मिलिग्रॅम पीईजीला १.१ ग्रॅम सीडी लागते. लोक उलटं करतात, पॉलिमर हा मुख्य माल समजून अर्धा-अर्धा घेतात आणि मग डीएससीत मोकळा पीईजी दिसला की रडतात, अरे दिसणारच, त्याला बसायला जागाच दिली नाही. दुसरं म्हणजे बाटलीतली सीडी कोरडी नसते, हायड्रेट असते, सहा पाण्याच्या रेणूंचा धरला तर दहा टक्के वजन पाण्याचं, मग तोच आकडा १.२३ ग्रॅम होतो. ओव्हनमध्ये वाळवून घेतली असेल तर तसा हिशोब धरा, पण काहीतरी एक धरा आणि वहीत लिहा. "मागच्या वेळी जमलं होतं" वाल्या केसमध्ये बऱ्याचदा हेच निघतं, आधीची बाटली वेगळी आणि आताची वेगळी.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते जी पुढे डीएससीला लागेल: पूर्ण भरलेल्या कॉम्प्लेक्समध्येही पीईजी वजनाने फक्त ८ टक्क्यांच्या आसपास असतो. हा आकडा डोक्यात ठेवा.

आणि सोल्युशन खरंच सॅच्युरेटेड आहे का? अल्फा-सीडी २५ डिग्रीला १०० मिली पाण्यात साडेचौदा ग्रॅमच्या आसपास विरघळते. तुम्ही १० मिलीत अर्धा ग्रॅम टाकून साक्याची वाट बघत असाल तर वाटच बघा.

पॉलिमर नळीत मावतो का

हेही फुकट, फक्त लेबल नीट वाचायचं. पीईजी अल्फा-सीडीत जातो, पॉलिप्रॉपिलीन ग्लायकोल अल्फात जात नाही कारण प्रत्येक युनिटवर मिथाइलचं टोक बाहेर आलेलं असतं, त्याला बीटा (अल्फाहून मोठं कडं) लागते. पॉलिआयसोब्युटिलीन आणखी जाड, त्याला गॅमा, म्हणजे आणखी मोठं कडं. उलटंही खरं आहे, पीईजी बीटात इतका सैल बसतो की कॉम्प्लेक्स पडतच नाही, म्हणजे मोठी नळी घेतली की काम सोपं होतं हा गैरसमज आहे, घट्ट बसणं हेच तर बळ आहे. हा सगळा खेळ १९९० मध्ये हाराडा आणि कामाची यांनी पीईजी-अल्फापासून सुरू केला.

युरियात सरळ साखळ्या जातात: पॉलिएथिलीन, पॉलिकॅप्रोलॅक्टोन, पॉलि-टीएचएफ. फांद्या असलेलं काही असेल तर थायोयुरिया, त्याची नळी थोडी रुंद असते.

मॉलिक्युलर वेटही बघा. अगदी तोकडे ग्लायकोल, म्हणजे डाय किंवा ट्रायएथिलीन ग्लायकोल, अल्फा-सीडीबरोबर साका देत नाहीत. हजारच्या आसपासचा पीईजी उत्तम. खूप लांब साखळी घेतली तर टोकं कमी आणि गुंता जास्त, कडी ओवली जायला वेळ लागतो. एंड ग्रुपकडे तर कुणी बघतच नाही. पीईजीच्या दोन्ही टोकांना डायनायट्रोबेन्झॉइलसारखा जाडजूड ग्रुप लावलेला असेल तर कडं आत शिरणारच नाही. माझ्याकडे एकदा एकजण तीन आठवडे अडकून आला होता, बाटलीवर नुसतं पीईजी लिहिलेलं आणि खाली बारीक अक्षरात टोकांचं नाव. तीन आठवडे!

धुताना काय करता ते मला खरंखरं सांगा

माझ्या अनुभवात निम्मं नुकसान फनेलवर होतं, फ्लास्कमध्ये नाही.

युरियाच्या सुया मिथेनॉलने धुतल्या तर युरिया विरघळतो, वरची भिंत गेली की आतलं मोकळं आणि उरलेलं टेट्रागोनल. मग हेप्टेनने धुवू असं वाटतं, पण हेप्टेन स्वतः सरळ साखळी आहे आणि युरियाला असे पाहुणे फार आवडतात. यासाठी आयसोऑक्टेन वापरा, म्हणजे २,२,४-ट्रायमिथाइलपेंटेन, फांद्यांमुळे ते नळीत शिरत नाही आणि युरिया त्यात विरघळतही नाही. थोडंसं, पटकन, आणि मग फिल्टर पेपरवर टिपून घ्या.

सीडीचं प्रकरण जास्त फसवं. साका फिल्टर केला, वर अजून सॅच्युरेटेड पाणी आहे, आणि लवकर वाळावं म्हणून वरून ॲसिटोन ओतलं. त्या क्षणी पाण्यात उरलेली सगळी मोकळी सीडी एकदम खाली पडते, आणि वाईट म्हणजे अशी झपाट्याने पाडलेली सीडी पॉलिमर नसतानाही चॅनल रचनेतच पडू शकते. मग यील्डही झकास आणि एक्सआरडीही झकास. मी स्वतः अशी एक बॅच अभिमानाने मिरवलेली आहे, नंतर एनएमआरने नाक कापलं. आता मी आधी पूर्ण सक्शन लावून पाणी ओढून घेतो, थोड्याशा थंड पाण्याने एकदा धुतो आणि व्हॅक्युमखाली वाळवतो, ॲसिटोन फनेलच्या जवळपाससुद्धा नाही.

सॉल्व्हंट स्वतःच आत बसलाय का

फ्रीडरिश बेंगेनने १९४० मध्ये युरियाचा हा गुण शोधला तो अपघाताने, दुधातल्या प्रोटीनवर युरियाचा परिणाम बघताना त्यात ऑक्टाइल अल्कोहोल टाकलं आणि अनपेक्षित क्रिस्टल दिसले. पाहुणा कोण होता? ते अल्कोहोलच. तुमच्या फ्लास्कमध्येही तेच होऊ शकतं. सरळ साखळीचा कुठलाही सॉल्व्हंट युरियाबरोबर आला तर तो छोटा, चपळ आणि संख्येने कितीतरी जास्त, पॉलिमरच्या आधी जागा पटकावतो. म्हणून युरियाला मिथेनॉल ठीक, पॉलिकॅप्रोलॅक्टोनला ॲसिटोन ठीक, पण हेक्सेन-हेप्टेन-ऑक्टेन या रांगेतलं काही नको.

इथे एक उपद्रव आहे तो सांगून ठेवतो. पॉलिकॅप्रोलॅक्टोनला मिथेनॉल सहन होत नाही, दोन सोल्युशन्स थंड असताना मिसळली तर कॉम्प्लेक्स व्हायच्या आधी पॉलिमरच बाहेर पडतो आणि तुम्हाला वाटतं की झालं. दोन्ही कोमट ठेवा, पॉलिमरचं सोल्युशन पातळ ठेवा, थेंबथेंब सोडा, आणि मिसळल्या मिसळल्या गढूळ झालं तर थांबून परत गरम करून स्वच्छ करून घ्या.

थंड करण्याची घाई

क्रिस्टल बारीक, गुच्छासारखे, केसाळ येत असतील तर कारण बहुतेक हेच. सुई आपल्या लांबीच्या दिशेने भराभर वाढते, नळ्याही त्याच दिशेने असतात, म्हणजे नवा पॉलिमर सुईच्या टोकावरूनच आत येतो. टोकाशी एका बाजूने युरिया येऊन बसतोय आणि दुसऱ्या बाजूने लांबलचक साखळी स्वतःला सरळ करून नळीच्या तोंडाशी यायचा प्रयत्न करतेय, तापमान धाडकन पाडलं तर युरिया तिची वाट बघत नाही, स्वतःचा टेट्रागोनल संसार थाटतो.

५५ डिग्रीला सगळं स्वच्छ विरघळवून २० डिग्रीपर्यंत यायला एक दिवसाहून थोडा जास्त वेळ द्या, तासाला एक-सव्वा डिग्री. प्रोग्राम होणारा वॉटर बाथ असेल तर उत्तम, नसेल तर मोठ्या थर्मास फ्लास्कमध्ये गरम पाणी भरून त्यात बंद ट्यूब उभी करा आणि हात लावू नका. झाकण उघडून बघायचं नाही! पॉलिमर मी १ टक्क्याच्या आसपास ठेवतो, जास्त झाला की सोल्युशन घट्ट होतं आणि टोकापर्यंत माल पोचत नाही. गरम असतानाच एकदा फिल्टर करून घ्या, धुळीचा प्रत्येक कण म्हणजे एक नको असलेला क्रिस्टल. ६०-७० च्या वर तासन्‌तास ठेवू नका, युरिया हळूहळू तुटायला लागतो, अमोनियाचा वास आला तर ते सोल्युशन टाकून द्या.

आणि मोठ्या वजनाच्या पॉलिमरचे मोठे सिंगल क्रिस्टल बहुतेकदा येतच नाहीत, पावडरच येते, हे मान्य करून टाका. क्रिस्टल बघायचाच असेल तर त्याच कुळातला तोकडा ऑलिगोमर घ्या.

मायक्रोस्कोप

लोक हे सोडून थेट एक्सआरडीला पळतात, का ते मला कळत नाही. मिथेनॉलमधून आलेला नुसता युरियाही सुईच देतो, त्यामुळे बाजूने बघून काही कळत नाही, दोन्ही सुया पोलरायझरमध्ये सारख्याच सरळ काळ्या होतात. सुई ब्लेडने आडवी तोडा, काचेवर ग्रीसचा ठिपका ठेवून त्यात ती उभी रोवा आणि टोकाकडून बघा. चार बाजू दिसल्या तर युरिया, सहा दिसल्या तर आत कुणीतरी आहे. दोन मिनिटांचं काम.

हॉट स्टेज असेल तर आणखी मजा. आतला गेस्ट छोटा किंवा सैल असेल तर तापवताना स्वच्छ सुई मध्येच काळपट-अपारदर्शक होते, बाहेरचा आकार तसाच राहतो पण आत सगळा टेट्रागोनल युरियाचा चुरा झालेला असतो, आणि मग १३३ डिग्रीला तो वितळतो. पॉलिमर नीट बसलेला असेल तर सुई १३३ ओलांडूनही बऱ्याचदा टिकते, पॉलिएथिलीन ऑक्साइड (पीईजीचंच लांब साखळीचं रूप) आणि युरियाचं कॉम्प्लेक्स १४३ च्या आसपास जातं. सुई १३३ ला वितळताना दिसली की मी ती बॅच तिथेच सोडतो.

एक्सआरडी आणि डीएससी, पण कंट्रोलसकट

नुसतं सॅम्पल पाठवू नका. तीन पाठवा: तुमचं सॅम्पल, पॉलिमर न टाकता बाकी सगळं हुबेहूब केलेला होस्ट, आणि होस्ट-पॉलिमरची नुसती खलात घोटलेली पावडर. मधलं सॅम्पल सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कुणी करत नाही.

कॉपर रेडिएशनवर टू-थीटाचे (किरण वळण्याच्या कोनाचे) आकडे, डिग्रीत: टेट्रागोनल युरियाचा ठसठशीत पीक २२.३ ला, हेक्सागोनलचे १२.४ आणि २१.६ च्या आसपास. २१.६ आणि २२.३ शेजारीशेजारी असल्यामुळे रुंद पीकमध्ये घोळ होतो, म्हणून १२.४ कडे बघा, तिथे टेट्रागोनल युरियाचं काहीच नसतं. अपवाद पॉलिएथिलीन ऑक्साइडचा, त्याचं युरियाबरोबरचं स्थिर कॉम्प्लेक्स या नेहमीच्या हेक्सागोनल साच्यातलं नाही, त्याला हे आकडे लावू नका. अल्फा-सीडीत चॅनल असेल तर २० च्या जवळ मोठा पीक, पिंजरा असेल तर १२, १४ आणि २१.६ च्या आसपास. पण वर म्हटलं तसं, २० चा पीक पाण्यावरही येतो, तुमच्या पॉलिमर नसलेल्या कंट्रोललाही तोच आला तर एक्सआरडीने काहीच सिद्ध झालं नाही.

डीएससीत पीईजीचा पीक गेला म्हणून नाचू नका. कॉम्प्लेक्समध्ये पीईजी ८ टक्के, पूर्ण क्रिस्टलाइन पीईजीची वितळण्याची उष्णता ग्रॅमला १९७ ज्यूलच्या आसपास, म्हणजे सगळाच्या सगळा पीईजी बाहेर मोकळा पडलेला असला तरी पीक फार तर १६ ज्यूलचा. त्यातला दहावा हिस्सा मोकळा असेल तर दीड ज्यूल, तो बेसलाइनमध्ये सहज दडतो. घोटलेल्या पावडरीचा पीक किती येतो ते आधी बघा, मग तुमच्याशी तुलना करा. आणि युरियावर फक्त पहिलं हीटिंग धरा, एकदा वितळला की रचना गेली, दुसऱ्या स्कॅनला काही अर्थ नाही.

एनएमआर

सीडीसाठी हाच शेवटचा न्यायाधीश, तोही अर्धाच. डीएमएसओमध्ये विरघळवा, सीडीचा एच-१ (कड्याच्या प्रत्येक युनिटवरचा एक ठरावीक हायड्रोजन, एका कड्यात सहा) साधारण ४.८ पीपीएमला, पीईजीचा तीक्ष्ण पीक ३.५१ ला. एच-१ ला ६ धरा, भरलेल्या कॉम्प्लेक्सला पीईजी ८ यायला हवा. ४ आला तर अर्धी कडी रिकामी, १६ आला तर पीईजी बाहेर लोंबतोय किंवा मोकळा आहे. ३.५१ च्या पीकखाली सीडीचे स्वतःचे सिग्नल असतात, म्हणून नुसत्या सीडीचा स्पेक्ट्रम घेऊन तेवढं वजा करा. डीएमएसओत कॉम्प्लेक्स सुटतं, त्यामुळे हे फक्त प्रमाण सांगतं, आत की बाहेर ते नाही. प्रमाण बरोबर, चॅनल पॅटर्न बरोबर, पॉलिमरचा पीक गायब आणि कंट्रोल वेगळा, हे चारही जुळले की मी हो म्हणतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

सिंगल क्रिस्टल मिळाला, डेटा घेतला, होस्ट सुंदर सुटला पण नळीत पॉलिमरचे अणू दिसत नाहीत, नुसती लांबट पसरलेली डेन्सिटी. घाबरू नका आणि स्वतः रिफाइन करत बसू नका. युरियाची नळी ११ अँगस्ट्रॉमला स्वतःची पुनरावृत्ती करते आणि झिगझॅग कार्बन साखळी साधारण २.५४ ला, भागून बघा, ४.३३ येतं, पूर्णांक नाही. दोघांचा ताल जुळत नाही, त्यामुळे नेहमीच्या सॉफ्टवेअरला गेस्ट पुसट दिसतो, तो हरवलेला नसतो. त्याच्या रेषा वेगळ्या थरांवर पडतात आणि त्या वाचायला इनकमेन्शुरेट रचनांवर काम केलेला क्रिस्टलोग्राफरच लागतो. मी एकदा महिनाभर झुंजलो होतो, परत नाही.

सॉलिड-स्टेट एनएमआरही तसंच, सॅम्पल द्या, नॉब फिरवू नका. थायोयुरियावर जायचं असेल तर त्याच्या कॅन्सरच्या धोक्याबद्दल आधी सेफ्टीवाल्यांशी बोला. आणि नळीत मोनोमर भरून रेडिएशनने तिथेच पॉलिमर करायचा बेत असेल, जसं ब्राऊन आणि व्हाइट यांनी १९६० मध्ये केलं, तर ते रेडिएशन सोर्स सांभाळणाऱ्या माणसांचंच काम, सीलबंद ट्यूबमध्ये ब्युटाडाईनसारखा वायू हा प्रकार एकट्याने करायचा नाही.

क्रिस्टलोग्राफरकडे जाताना सुया धुवून, वाळवून नेऊ नका. ज्या द्रवात वाढल्या त्याच द्रवात, बंद बाटलीत न्या, सोबत पॉलिमर नसलेली कंट्रोलची बाटली, आणि दोन्हीवर तारीख आणि होस्टच्या बाटलीचा बॅच नंबर.